पूर्ण ऐकून घेतले

"आजच्या या क्षणापासून मानवजातीच्या इतिहासाचे दोन भाग पडतील," दंडोबा विद्यापीठाचे कुलगुरू म्हणाले. "एक, माणूस माणसाचं ऐकत नव्हता तो. आणि दुसरा, ऐकू लागला तो."

त्याच क्षणी त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर सभागृहाचा श्रवणांक उमटला. तो चार होता. शंभरपैकी.

कुलगुरूंची पाठ पडद्याकडे असल्यामुळे ते आणखी चाळीस मिनिटं बोलले. एवढ्या वेळात आकडा एकदाच हलला, तोही सहापर्यंत, कार्यक्रमानंतर अल्पोपाहाराची सोय केल्याचा उल्लेख आला तेव्हा. मानसिक आरोग्य आणि सुस्थिती या विषयाच्या पहिल्या तुकडीचं उद्घाटन होतं. सगळ्या विद्यार्थ्यांच्या मानेवर नवं यंत्र चिकटवलेलं, आणि त्या यंत्रानं पहिल्याच दिवशी विद्यापीठाची अब्रू चव्हाट्यावर मांडली होती.

फक्त पडद्याच्या कोपऱ्यात अडतीस नंबरची खुर्ची हिरवीगार लुकलुकत होती. श्रवणांक त्र्याण्णव.

कार्यक्रम संपताच विभागप्रमुख डॉ. तेजस्विनी गुरव जवळजवळ पळतच त्या खुर्चीपाशी आल्या. खुर्चीत बासष्ट वर्षांचे एक किरकोळ गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसले होते.

"सर, आपण?"

"मुकुंद आवटी. विद्यार्थी आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर."

"कुलगुरूंच्या भाषणातलं तुम्हाला सर्वांत काय भावलं?"

आवटींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मिनिटाला पंच्याऐंशी शब्दांचा वेग होता," ते म्हणाले. "मध्ये दोनदा पाणी प्यायले. विषय काय होता, ते मात्र तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारलंत तर बरं."

डॉ. गुरव यांना तो विनय वाटला.

आता या यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. शोध तसा साधाच होता. एक माणूस बोलतो आणि दुसरा खरोखर ऐकतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास बोलणाऱ्याच्या श्वासामागून चालू लागतो. बोलणारा थांबला की ऐकणारा थांबतो, त्यानं उसासा सोडला की याचीही छाती खाली बसते. हे सगळं दीड सेकंदाच्या अंतरानं. अंतर दीड सेकंदाहून कमी असेल तर तो माणूस ऐकत नाही, स्वतःला बोलायला कधी मिळतंय याची वाट पाहतोय. जास्त असेल तर गॅस बंद केला का, हा विचार त्याच्या डोक्यात चालू आहे. मानेवर चिकटवायची टिकलीएवढी चकती दोघांचे श्वास आणि नाडी मोजायची आणि हा मेळ शंभरपैकी आकड्यात सांगायची. विद्यापीठाच्या कागदांवर तिचं नाव 'श्रवणनिर्देशांक मापक' होतं. मुलं तिला कानटिकली म्हणत.

शोधाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा होता. बोलणाऱ्याचं शरीर हा मेळ डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपत असतं. समोरच्याचे खांदे, त्याच्या नाकपुड्या, त्याचा हुंकार. मेंदूपासून पोटापर्यंत गेलेला वेगस नावाचा एक लांबलचक मज्जातंतू आहे. 'समोरचा आपल्याबरोबर आहे' अशी खूण पटली की तो हृदयाची गती उतरवतो, पोटातली मूठ सैल करतो. आपलं ऐकून घेतलंय हे आधी शरीराला कळतं. मन नंतर येऊन नुसती सही करतं.

साल दोन हजार सदतीस. एकटेपणा हा आजार म्हणून सरकारदरबारी नोंदला गेला होता. वसतिगृहांमध्ये बोलायला आलेली मुलं खंडीभर आणि ऐकणारे समुपदेशक तीन. तेव्हा ऐकणारे तयार करायचे, तपासून पास करायचे आणि गावोगाव पाठवायचे, असा हा अभ्यासक्रम. उत्तीर्ण व्हायला श्रवणांक चाळीस.

आवटी यात कसे शिरले? ते सांगलीच्या न्यायालयातले शेवटचे लघुलेखक. चार वर्षांपूर्वी तिथं बोललेलं आपोआप लिहून काढणारं यंत्र आलं आणि आवटींना शाल, श्रीफळ आणि त्यांच्याच पेन्सिलींचा एक जुडगा देऊन निरोप दिला गेला. त्यानंतर ते मिरजेच्या घरी बसून होते. ते बसलेले बघून बघून त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई एक दिवस म्हणाल्या, "अहो, रोज कुठंतरी जाऊन येत जा." ग्रंथालयशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. मानसिक आरोग्याच्या शिल्लक होत्या.

आणि त्र्याण्णवचं रहस्य म्हणाल, तर ते धंद्यात होतं. चांगल्या लघुलेखकाचे शब्द कानातून थेट हातात उतरतात. वाटेत डोक्यात थांबले की हात मागं पडतो. न्यायाधीशांनी श्वास घेतला की आपण घ्यायचा, त्यांनी सोडला की सोडायचा, आणि मधल्या सपाट पांढऱ्या जागेत निवांत बसून राहायचं. आवटी चौतीस वर्षं त्या जागेत बसले. जन्मठेपा, घटस्फोट, भावाभावांचे दावे, सगळं त्यांच्या बोटांतून वाहून गेलं. एका खुनाचा सत्तर पानी निकाल त्यांनी घेतला होता, आणि खून कुणी केला हे त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून कळलं होतं.

वर्गात त्यांची जोडी अफसाना मुजावरशी लागली. तेवीस वर्षांची, सतार बनवणाऱ्यांच्या घरातली, आणि ऐकण्यात साफ नापास. आवटींनी तिला सरावासाठी आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगायला घेतलं.

"चढताना दुखत नाही, उतरताना..."

"अय्या काका, माझ्या खालाचं सेम. कुठला गुडघा? उजवा?"

"डावा. मधे बोलायचं नसतं."

"सॉरी. उतरताना दुखतो म्हणजे जिन्याला कठडा आहे की नाही तुमच्या? नसला तर आधी तो लावून घ्या ओ."

टिकलीनं एकोणीस दाखवले. मग अफसाना बोलली आणि आवटी बसले. पंच्याण्णव. अफसानाचे डोळे भरून आले. "काका, एवढं माझं कुणी ऐकलं नाही कधी." ती काय बोलली, हे आवटींना विचारण्याची पाळी कुणावर आली नाही.

पंधरा दिवसांनी ती जिन्यात भेटली तेव्हा तिनं विचारलं, "कठडा लावला का?" आवटींना कसला कठडा, ते कळायला वेळ लागला.

डिसेंबरपर्यंत डॉ. गुरव यांनी आवटींच्या श्वासाचे आलेख काढून त्यावर निबंध लिहिला. 'आवटी पद्धत' असं तिचं नाव ठेवलं. बारा दिवसांचा प्रमाणपत्र वर्ग निघाला. शब्दांकडे लक्ष न देता श्वासाकडे कसं द्यायचं, अडलं तर कोणती चार वाक्यं म्हणायची, याची चोवीस पानी पुस्तिका आवटींनीच लिहून दिली. 'हं.' 'पुढे?' 'तुम्हाला काय वाटतं?' आणि अगदीच कुणी काही मागायला लागलं तर, 'तुम्हाला मनापासून योग्य वाटेल तसं करा. मी आहे.'

मग सरकारी परिपत्रक निघालं. जनतेशी संबंध येणाऱ्या सर्व खिडक्यांवर प्रशिक्षित कर्मचारी बसू लागले. तीन महिन्यांत जिल्ह्यातल्या तक्रारी साठ टक्क्यांनी घटल्या. कामं तेवढीच होत होती, म्हणजे होत नव्हती. पण लोक खिडकीवरून डोळे पुसत, हलके होऊन परतत होते. डॉ. गुरव यांना राजधानीतून बोलावणं आलं.

मार्चमध्ये घरचं प्रात्यक्षिक आलं. घरातल्या एका माणसाचं सलग चाळीस मिनिटं ऐकायचं. खासगीपणाचा नियम कडक असल्यामुळे टिकली शब्द साठवत नसे, फक्त श्वास आणि नाडी. वैजयंतीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. मे महिन्याअखेर त्या निवृत्त होणार होत्या. रविवारी चहा झाल्यावर त्या मानेवर टिकली लावून समोर बसल्या.

"काय बोलायचं?"

"काहीही. चाळीस मिनिटं."

"एकतीस वर्षांत सगळं मिळून तेवढं झालं असेल का?"

"हं," आवटी म्हणाले. प्रात्यक्षिक सुरू झालं होतं.

वैजयंतीबाईंनी शाळेपासून सुरुवात केली. मग आवाज खाली गेला. आवटी तोवर आपल्या पांढऱ्या सपाट जागेत पोचले होते. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर आपोआप रेघोट्या ओढत होतं. एकोणिसाव्या मिनिटाला वैजयंतीबाईंचा श्वास तुटला. दीड सेकंदानं आवटींचाही तुटला. तिसाव्याच्या पुढं त्या रडल्या. आवटींची छाती त्यांच्या छातीमागून वर गेली, खाली आली. अगदी शेवटी आवाज वर चढून थांबला, त्यावरून हा प्रश्न आहे असं आवटींनी ओळखलं.

"तुला मनापासून योग्य वाटेल तसं कर," ते म्हणाले. "मी आहे."

वैजयंतीबाईंनी डोळे पुसले. "खरंच?"

"हं."

त्या उठून आत गेल्या आणि कुठलाही सणवार नसताना त्यांनी शिरा केला. श्रवणांक शहाण्णव आला. विद्यापीठाचा विक्रम.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. वैजयंतीबाई सकाळी गुणगुणू लागल्या. आवटींच्या खांद्यावर हात ठेवून चहाचा कप पुढं करू लागल्या. एकदा म्हणाल्या, "तुमच्यामुळं सुटलं बघा. मी कळवून टाकलं."

"बरं केलंस," आवटी म्हणाले. कुणाला कळवलं? काय सुटलं? आपण हो म्हणालो ते कशाला?

त्यांनी आडून विचारून पाहिलं. "त्या दिवशी तू म्हणालीस ते..."

"ते परत नको," त्या म्हणाल्या. "एकदाच बोलायचं होतं. झालं."

मग ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. डोक्याला आठवत नसेल, पण हाताला आठवत असेल. डोळे मिटून त्यांनी हात मोकळा सोडला. हातानं लिहिलं, 'मा. न्यायालयाच्या असे निदर्शनास येते की', आणि तो थांबला.

डॉ. गुरव यांना विचारलं, तर त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आवटीसर, तुमच्या शरीरानं ऐकलं. त्यांच्या शरीराला ते पोचलं. शब्द हा श्रवणाचा दुय्यम भाग आहे. युनिट तीन."

अफसानाला विचारलं, तर ती म्हणाली, "मग सरळ सांगा ना काकूंना, मी ऐकलं नाही म्हणून."

"ती एवढ्या वर्षांनी खुश आहे गं."

"म्हणजे अजूनच लवकर सांगायला पाहिजे."

आवटींनी तिला पुन्हा काही विचारलं नाही.

मेच्या मध्यावर एका सोमवारी सकाळी अकराला आवटींचा फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज, कामाचा.

"वैजयंती आवटींचा हा दुसरा नंबर दिलाय. मी 'ओसरी' महिला निवासातून पाटणकर बोलतेय, कोल्हापूर. आपण मिस्टर का?"

"हो."

"मॅडमनी एक जूनपासूनची खोली नको म्हणून मार्चमध्येच कळवलंय. आज यादी बंद करायची, तर तुमचा दुजोरा राहिलाय. नवऱ्याच्या दबावामुळं खोली सोडलेली नाही, एवढं नवऱ्यानं सांगायचं असतं. नियम आहे."

"कसली खोली?"

"राहायची."

आवटी खाली बसले. "किती दिवसांसाठी घेतली होती?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "अर्जात 'कायम' लिहिलंय. कारणाच्या रकान्यात, 'घरी बोलण्याची सवय मोडली आहे.' आता हा रद्द करायचा अर्ज. त्यात कारण, 'पतीने पूर्ण ऐकून घेतले.'" पाटणकरबाईंचा आवाज जरासा मऊ झाला. "असं कारण आमच्याकडं पहिल्यांदाच आलं, खरं सांगायचं तर. मग हो लिहू ना?"

नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. आयुष्यभर ज्या एका अक्षरावर आवटींनी नोकरी आणि संसार दोन्ही रेटले, ते नेमकं त्या वेळी तोंडातून बाहेर पडेना.

"मी नंतर सांगितलं तर?"

"पाचच्या आत. पाचला मीच करते. दुसऱ्या बाई थांबल्यात यादीत."

तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. विचार करायला बाहेर पडायचं निमित्त हवं होतं, म्हणून आवटी पाण्याच्या ऑफिसात गेले. चार नंबरच्या खिडकीत तिशीतल्या एक बाई होत्या. मानेवर टिकली. भिंतीवर 'आवटी पद्धतीने प्रशिक्षित' अशी चौकट, तिच्यात आवटींचाच फोटो. फोटोत ते ऐकत होते. बाईंनी त्यांना ओळखलं नाही, कारण त्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, छातीकडे बघत होत्या.

"बोला."

आवटींनी पाण्याचं सांगितलं. बाईंनी 'हं' म्हटलं. तो 'हं' असा काही मऊ होता की आवटी टाकीकडे वळले. मग गुडघ्याकडे. "पुढे?" बाई म्हणाल्या. मग न्यायालय, यंत्र, पेन्सिलींचा जुडगा. मग सकाळचा फोन. ती घर सोडून जाणार होती, मला ठाऊकच नव्हतं, हे सांगताना त्यांनी उसासा सोडला. खिडकीपलीकडे दीड सेकंदानं एक उसासा निघाला. मागं रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही. सगळे आपापल्या पाळीच्या सुखात उभे होते.

आवटी बाहेर आले तेव्हा अंग कसं पिसासारखं झालं होतं. या जगात कुणीतरी आपलं आहे, असं कितीतरी वर्षांनी वाटलं. रिक्षा थांब्यापर्यंत ते तरंगतच गेले. तिथं पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की त्या बाईंनी आपला ग्राहक क्रमांक घेतला नाही. पत्ताही नाही.

ते परत गेले. "बाई, माझी तक्रार काय होती हो?"

बाईंनी त्यांच्याकडे अपार मायेनं पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या.

त्यांच्याच पुस्तिकेतलं पान नंबर चौदा. आवटी तिथल्या बाकावर बसले. पोटातली मूठ पुन्हा आवळली गेली होती, आणि आता तिला कसली लाज म्हणावी, की राग, की भीती, ते त्यांना ठरवता येईना. मघाचं सुख खोटं नव्हतं. अंगानं ते घेतलं होतं. फक्त पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं. आणि वैजू तेच सुख मार्चपासून घरात जपून बसली होती, सकाळी गुणगुणत होती.

सव्वाचारला ते घरी आले. वैजयंतीबाई फेरपरीक्षेचे पेपर तपासत होत्या. नोकरीतला शेवटचा गठ्ठा.

"वैजू, त्या रविवारी मी काही ऐकलं नाही."

लाल पेन बेरीज पूर्ण होईपर्यंत थांबलं नाही. "कुठल्या रविवारी?"

"प्रात्यक्षिकाच्या."

"शहाण्णव पडले ना?"

"म्हणूनच."

त्यांनी समजावून सांगितलं. वाईट सांगितलं, उलटसुलट सांगितलं, मध्येच लघुलेखनाच्या वेगाकडे वळले. वैजयंतीबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे तुम्हाला काहीच..."

"एकही शब्द नाही."

"मी रडले ते?"

"ते कळलं. श्वास तुटला होता. किती वेळ तुटला तेही सांगू शकेन."

"सांगू नका."

आवटींनी निवासाच्या फोनचं सांगितलं. पाचची मुदत सांगितली.

"मग तुम्ही हो म्हणून टाकायचं होतंत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला जन्मात कळलं नसतं. मी इथंच राहिले असते. शिरा केला असता अधूनमधून."

"हो."

"मग?"

"मी आज पाण्याच्या ऑफिसात गेलो होतो," आवटी म्हणाले.

हे काही उत्तर नव्हतं. पण उत्तर चुकलंय आणि रीत मात्र बरोबर दिसतेय असा पेपर हातात आल्यावर गणिताच्या बाई जसं बघतात, तसं त्यांनी बघितलं.

"काय म्हणाली होतीस तू?"

"नाही सांगणार."

"बरं."

"बरं काय बरं? चौदा वर्षांपूर्वी दादा गेला. मी दवाखान्यातून तुम्हाला कोर्टात फोन केला. तुम्ही टाइप करत होतात, आवाज येत होता मला. मी म्हटलं, 'दादा गेला.' तुम्ही काय म्हणालात?"

"काय?"

"'पूर्णविराम?' म्हणालात."

"शक्य नाही," आवटी म्हणाले. "टाइप करताना कशाला विचारीन मी? विराम फक्त..."

"बघा."

"नाही, म्हणजे मी म्हणालो असेन. पण मुद्दाम नाही."

"मुद्दाम म्हणाला असतात तर भांडता तरी आलं असतं. मी त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून 'हो' म्हणाले. पूर्णविराम, हो. तेव्हापासून तुम्हाला सांगण्यासारखं काही असलं की मला ते टकटक ऐकू येतं."

"पण नंतर मी आलो होतो ना लगेच? मंगळवारी."

"बुधवारी."

"मंगळवार होता."

"माझा भाऊ मेलाय की तुमचा?" त्या म्हणाल्या. आणि मग दोघं भांडले. नीट, मन लावून, वर्षानुवर्षं तुंबलेलं. आवटींनी मध्ये मध्ये तोंड घातलं, नको ते विचारलं, चुकीच्या जागी बचाव केला. टिकली लावलेली असती तर सात-आठच्या वर आकडा गेला नसता. जवळ कोण होतं शेवटी? कुणीच नव्हतं, मीच. काही बोलला का तो? पाणी मागितलं. दिलंस? डॉक्टर नको म्हणाले होते. मग? मग काय, दिलं. कापसानं. हे त्यांनी चौदा वर्षांत विचारलं नव्हतं.

"हे त्या रविवारी सांगितलं होतंस?"

"नव्हतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "हेही नव्हतं, की नंतर दोन वर्षं मी दादाचा नंबर लावत होते. 'आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' ती यंत्रातली बाई निदान वाक्य पुरं करायची."

फोन वाजला. पाच वाजले होते. वैजयंतीबाईंनी तो आवटींच्या हातातून घेतला.

"पाटणकरबाई, मीच बोलतेय. खोली ठेवा माझी. रद्द करायचं कारण चुकीचं भरलं गेलं." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाही, मिस्टरांचा दबाव नाही. हो, समोरच आहेत. एक तारखेला येते."

फोन ठेवून त्यांनी पेपरांचा गठ्ठा पुढं ओढला. पुस्तिकेत या प्रसंगासाठी एक वाक्य होतं. आवटींनी ते म्हटलं नाही.

विद्यापीठात त्यांनी आपले शहाण्णव रद्द करावेत असा अर्ज दिला. डॉ. गुरव यांनी तो शेवटपर्यंत वाचला. "गुण पोर्टलवर चढलेत, सर. तिथून उतरवायची सोय नाही." अफसानाला एकवीस मिळाले होते, म्हणजे पुन्हा परीक्षा. तिच्यासमोर बोलायला माणूस मिळेना, कारण ती मधे मधे बोलते असा तिचा लौकिक झाला होता. आवटी म्हणाले, मी बसतो. अर्ध्या तासात तिनं बारा वेळा तोडलं, दोनदा चुकीचा सल्ला दिला आणि 'ओसरी'ला जाणाऱ्या एसटीची वेळ काढून दिली. सदतीस. ती वैतागून रडली. डॉ. गुरव म्हणाल्या, मुलगी मेहनती आहे, तीन गुण ग्रेस देऊ. कसले म्हणून नोंदवायचे, यावर विभागाच्या दोन बैठका झाल्या.

'ओसरी'त भेटायची वेळ रविवारी चार ते सहा. फणसाखाली एक सिमेंटचा बाक होता. आवटी पावणेचारलाच जाऊन बसले. आठवडाभरात घर इतकं शांत झालं होतं, की त्यांना स्वतःचा श्वास ऐकू यायचा, आणि तो कुणाच्याही मागून चाललेला नसायचा.

वैजयंतीबाई आल्या. अंगावर नवी सुती साडी. त्यांनी सांगितलं की शेजारच्या खोलीतल्या बाई पेटी वाजवतात, वाईट वाजवतात. खिडकीतून डोंगर दिसतो. रात्री झोप लागते. आवटींनी दर वाक्याला अडवून काहीतरी विचारलं. कुठला डोंगर? पेटी किती वाजेपर्यंत? त्या दोनदा चिडल्या, एकदा हसल्या, आणि बुधवार की मंगळवार यावरून पुन्हा वाजलं. मधल्या एका क्षणी आवटींची जुनी पांढरी जागा दिसली, दार उघडं ठेवून वाट बघत असलेली. त्यांनी गुडघ्यावरचं बोट मुठीत धरून ठेवलं आणि विचारलं, "काय म्हणालीस आत्ता? माझं लक्ष उडालं."

वैजयंतीबाईंनी ते पुन्हा सांगितलं. जरा मोठ्यानं.

सहाची घंटा झाली. आवटी उठले. गुडघा आखडला होता. आत काहीतरी मोठं, गोल, उजळ असं तयार झालं होतं आणि ते सांगितल्याशिवाय एसटीत बसणं त्यांना शक्य वाटेना. त्यांनी घसा साफ केला.

"वैजू, मला एक उमगलंय. माणसानं माणसाचं ऐकणं म्हणजे खरं तर..."

"ते राहू दे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी येताना आपली किसणी घेऊन या. इथली बोथट आहे."